सगळे सारखेच, मग बैलाचे दात कशाला मोजायचे?

निवडणुकीचा विषय निघाला की आमच्या घरात पाच मिनिटांच्या आत मामा म्हणतोच, "जाऊ दे, सगळे सारखेच." आणि तिथेच विषय संपतो. तुमच्याकडेही असंच होत असणार. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सलूनमध्ये, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर, कुठेही हे वाक्य आलं की समोरचा मान डोलावतो, कारण ह्याच्यापुढे बोलायला काही उरतच नाही, आणि जो वेगळं काही बोलायला जाईल तो एकतर कुठल्यातरी पक्षाचा माणूस ठरतो नाहीतर भोळा ठरतो.

मला हे वाक्य आतून टोचतं. राजकारणी लोक फार चांगले असतात असं माझं म्हणणं नाही, पण ह्या वाक्यामुळे नेमकं काय होतं हे मला एकदा नीट कळलं, आणि तेव्हापासून गप्प बसवत नाही. तेच जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी हे मान्य करू की लोक उगाच असं म्हणत नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्राने जे पाहिलं ते पाहून कुणाचाही विश्वास उडेल. पहाटेचा शपथविधी, तीन दिवसांत पडलेलं सरकार, मग जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि ज्याला एका चिन्हावर मत दिलं तो माणूस दुसऱ्याच बाकावर बसलेला दिसला. त्यात पक्षांतर बंदी कायदा आहे, १९८५ पासून आहे, पण त्याची रचना अशी की एकटादुकटा आमदार फुटला तर आमदारकी जाते आणि दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचते. (पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, ती सोय २००३ मध्ये काढली.) आणि कोण अपात्र हे ठरवणार विधानसभेचे अध्यक्ष, जे स्वतः कुठल्यातरी पक्षातूनच आलेले असतात. जून २०२२ च्या फुटीवरचा निकाल त्यांनी दिला १० जानेवारी २०२४ ला, म्हणजे दीड वर्षाने, तोपर्यंत विधानसभेची मुदत संपत आलेली. इतकं सगळं बघून माणूस वैतागला तर त्याचं काय चुकलं?

वैतागणं बरोबरच आहे. पण वैतागून आपण पुढे काय करतो तिथे खरी गोची आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, ते शहाणपण झालं. पण ताकाचं भांडंच पालथं घातलं तर तो उपाशीच राहणार ना.

आता बाजाराकडे येतो. माझं आजोळ माणदेशात, आणि सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार मी लहानपणापासून पाहिलाय. खिलार बैल, पांढरे, उंच, शिंगं मागे वळलेली, आणि विकणारा प्रत्येकजण आपला बैल म्हणजे गाय आहे इतका गरीब आहे असंच सांगणार. घेणाऱ्याला बघून काय कळणार? बैल मारका आहे का, औताला बसतो का, रोगट आहे का, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. आता समजा ह्या बाजारात चांगला बैल ८० हजारांचा आणि वाईट ३० हजारांचा आहे, पण कुठला चांगला हे ओळखायची काहीच सोय नाही. मग गिऱ्हाईक काय करेल? मधला भाव बोलेल, ५०-५५ हजार. ज्याचा बैल वाईट आहे तो खूश, ३० च्या मालाला ५५ मिळाले. ज्याचा बैल खरंच चांगला आहे तो दावं हातात धरून घरी परत जाईल, नाही विकायचा म्हणेल. पुढच्या रविवारी बाजारात चांगले बैल कमी झालेले असतील, लोकांना अनुभव वाईट येतील, भाव अजून पडेल, मग उरलेलेही चांगले बैलवाले जातील. असं करत करत शेवटी बाजारात नुसते मारके आणि रोगट बैल उरतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, बघा, मी म्हणत नव्हतो का, सगळे सारखेच.

हा विचार जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडला, त्याने जुन्या मोटारींचं उदाहरण घेतलं होतं, आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. बैलांवर तो मी बसवला, कारण मला मोटारींपेक्षा बैल जास्त कळतात.

राजकारणात हेच होतं. "सगळे सारखेच" असं आपण ठरवलं की आपण सगळ्यांना एकच भाव लावला. मग जो माणूस खरं बोलतो, पैसे खात नाही, सभागृहात अभ्यास करून जातो, त्याला त्याचं जास्तीचं काय मिळालं? काहीच नाही, त्याला पण चोरच म्हणणार. आणि जो खरंच चोर आहे त्याला तर हे वाक्य म्हणजे पांघरूण, कारण सगळेच चोर म्हटल्यावर त्याची वेगळी लाज अशी राहतच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच. चांगल्या घरातली शिकलेली पोरं राजकारणात का येत नाहीत असं आपण विचारतो, अरे ती दावं धरून घरी गेलीत, आपणच भाव पाडला म्हणून गेलीत.

आता कुणी म्हणेल, पण खरं बोलणारे आहेत कुठे? एक उदाहरण सांगतो. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात सगळ्यांसमोर बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा आठ कोटी खर्च झाला. तेव्हा लोकसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा होती २५ लाख, आणि निवडणूक आयोगाकडे त्यांनी दाखवलेला खर्च साधारण १९ लाखांचा. ते बोलत होते ते निवडणुकीचा खर्च सरकारनेच करावा ह्या मुद्द्यावर. पुढे झालं काय, तर आयोगाची नोटीस आली आणि आठवडाभर चर्चा मुंडे अडकले की सुटले एवढीच. आयोगाने नोटीस पाठवली ते बरोबरच, नियम मोडल्याची कबुली कानावर आल्यावर आयोग गप्प कसा बसेल. पण बाकीच्या उमेदवारांचं काय, ज्यांनी तोंड उघडलं नाही? त्यांना कुणी विचारलं का, की बाबा तुझा २० लाखांत मतदारसंघ कसा झाला? विधानसभेचे तीन-तीन लाख मतदार नि लोकसभेचे पंधरा-पंधरा लाख, गावोगाव गाड्या, जेवणावळी, मंडप, आणि कागदावर सगळं मर्यादेच्या आत. आज ती मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे, आणि ती फक्त उमेदवाराला, पक्षाने किती खर्च करावा ह्याला मर्यादाच नाही. एक माणूस हे बोलला आणि आपल्याला धडा काय मिळाला, तर बोलू नये. बाकी सगळे पुढारी तो धडा व्यवस्थित शिकले. मुंडे पुढच्याच वर्षी गेले, आणि निवडणुकीच्या खर्चावर इतकं उघड बोललेलं नंतर कुणाकडून माझ्या ऐकण्यात नाही.

बाजारातली अजून एक गोष्ट सांगायची राहिली. भाव कधीही मोठ्याने ठरत नाही. दलाल, आमच्याकडे हेडी म्हणतात, तो गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, वरून रुमाल टाकतो, आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. शेजारी उभं राहून सुद्धा आपल्याला कळत नाही किती ठरलं ते. लहानपणी मी त्या रुमालाकडे टक लावून बघायचो. पक्षांना पैसा कोण देतो ह्या प्रश्नावर २०१८ मध्ये असाच एक रुमाल टाकला गेला, निवडणूक रोखे. देणगी कुणी दिली, कुणाला दिली, हे स्टेट बँकेला माहीत, मतदाराला नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि मार्चमध्ये एप्रिल २०१९ पासूनच्या याद्या निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर आल्या, कंपन्यांची नावं, रकमा, पक्ष, सगळं. रुमाल निघाला. मी तेव्हा माझ्या ओळखीतल्या किती जणांना विचारलं की यादी बघितली का, बहुतेकांचं उत्तर एकच, त्यात काय बघायचं, सगळे घेतातच. म्हणजे रुमालाखालचा हात पहिल्यांदा उघडा पडला आणि आपण तोंड फिरवलं. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

आश्वासनांचं पण हेच आहे. २०२४ च्या विधानसभेला एका बाजूने लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करतो म्हणून सांगितलं, दुसऱ्या बाजूने महिन्याला ३००० देतो म्हणून. बायकांच्या हातात पैसे जाण्याला माझा विरोध नाही, माझ्या मामीला त्या १५०० चा आधार आहे, गोळ्या त्यातून येतात. पण हिशोब बघा. लाभार्थी दोन कोटीच धरल्या तरी ६०० रुपये वाढवायला महिन्याला १२०० कोटी लागतात, वर्षाला १४ हजार ४०० कोटी. कुठून आणणार, हा प्रश्न एका तरी सभेत जमलेल्या लोकांनी विचारला का? नाही विचारला, कारण आपण आधीच धरून चाललेलो असतो की निवडणुकीपुरतं बोलतायत. खोटं बोलणार हे गृहीत धरलं की खोटं पकडायची गरजच राहत नाही. ह्या सगळ्यात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. वरवर बघितलं तर कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस फसणार नाही असं वाटतं, पण पुढाऱ्याच्या दृष्टीने त्याच्यासारखा सोयीचा मतदार नाही, कारण तो काही तपासतच नाही.

आणि सगळे कायम सारखेच असते तर काही गोष्टी झाल्याच नसत्या. तुमच्या पगाराच्या स्लिपवर बघा, पीटी म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, बायकांच्या रांगा, रस्त्याच्या कडेला पोरं झोळीत. तेव्हा वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, मूळ आमच्याच बाजूचे, सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ह्या कल्पनेवर आधी काम केलेलं. मागेल त्याला काम द्यायचं ही सरकारची जबाबदारी, आणि त्याचा पैसा शहरातल्या नोकरदाराने द्यायचा आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असं ठरलं. शहरातल्या मतदाराला तोंडावर सांगायचं की तुझ्या पगारातून खेड्यातल्या मजुरासाठी पैसे कापणार, हे आजच्या एखाद्या नेत्याने करून दाखवावं. १९७७ मध्ये विधिमंडळाने तो कायदा एकमताने मंजूर केला, सगळ्या पक्षांनी मिळून, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा त्याच्याच पावलावर आला. त्या योजनेत खोटी मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, भरली गेली, मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचलली गेली, हेही खरंच आहे. पण खोटं मस्टर पकडायला आधी मस्टर असावं लागतं. ती योजना ज्यांनी आणली आणि ज्यांनी त्यात पैसे खाल्ले त्या दोघांना एकाच माळेत ओवायला माझं मन तयार होत नाही, माझ्या आजीचं पण झालं नसतं.

बरं, मग दात कसे मोजायचे. बाजारात बैलाचं वय सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही. खालचा ओठ दाबून जबडा उघडायचा, समोरचे दात बघायचे, आदत आहे (दुधाचेच दात), दुसा आहे (दोन पक्के दात), चौसा आहे (चार), का जुळलाय (सगळे आलेत). विकणारा काही म्हणो, दात खोटं बोलत नाहीत.

उमेदवाराचे दात म्हणजे त्याचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २६. अर्ज भरताना त्याला हे द्यावंच लागतं, त्यात त्याच्यावर किती केसेस आहेत, कुठल्या कलमाखाली, शिक्षा झालीय का, त्याची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, सोनं किती ग्रॅम, जमीन कुठल्या गटात, कधी आणि कितीला घेतली, कर्ज किती, सरकारी थकबाकी किती, मागच्या पाच वर्षांचं इन्कम टॅक्सला दाखवलेलं उत्पन्न, शिक्षण. हा कागद आपल्याला सहज मिळालेला नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये दिल्ली हायकोर्टात केस टाकली, सुप्रीम कोर्टाने २ मे २००२ ला सांगितलं की मतदाराला हे कळलंच पाहिजे, त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र झाले आणि कायदाच बदलून टाकला, आणि मग १३ मार्च २००३ ला कोर्टाने तो बदल रद्द केला. ज्या कागदाला सगळ्या पक्षांनी इतका विरोध केला तो कागद आज मोबाईलवर फुकट दिसतो, निवडणूक आयोगाच्या साईटवर, आयोगाच्याच नो युवर कॅन्डिडेट अ‍ॅपवर, मायनेता नावाच्या वेबसाईटवर. फेब्रुवारी २०२० पासून तर पक्षालाही लेखी जाहीर करावं लागतं की गुन्हे दाखल असलेला हाच माणूस का निवडला, दुसरा का नाही मिळाला, आणि निवडून येण्याची क्षमता एवढंच कारण चालत नाही. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ह्यातून सगळं कळतं असं नाही. बेनामी जमीन त्यात येणार नाही, केस आहे म्हणजे माणूस गुन्हेगार असंही नाही, पाण्यासाठी रास्ता रोको केला तरी केस पडते. पण चौसा बैल दुसा म्हणून गळ्यात मारता येत नाही, एवढं तरी होतं. निवडून आल्यावर सभागृहात त्याने काय विचारलं, तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) किती, लक्षवेधी सूचना कशावर, ते विधिमंडळाच्या कामकाजात मराठीत छापलेलं असतं. टीव्हीवर सहा चौकटीत सहा जण एकदम ओरडतात त्यापेक्षा ह्या कामकाजाची दहा पानं वाचा, तिथे कोरड्या भाषेत का होईना, पाणी, खत, शाळेची पटसंख्या ह्यावर माणसं बोलतायत आणि काही जण फार चांगलं बोलतायत. ते कुठल्याच चॅनलवर येत नाही, कारण आपण बघत नाही.

काहीजण म्हणतात मग नोटा दाबतो. २०१३ पासून सोय आहे, आणि २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजार ५०० मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर आला होता. पण विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतोच. महानगरपालिका आणि नगरपालिकांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की नोटा पहिला आला तर निवडणूक पुन्हा. हा फरक माहीत नसलेले खूप जण भेटतात.

मामाचं सांगतो आणि थांबतो. गेल्या विधानसभेच्या आधी, २० नोव्हेंबरला मतदान होतं, त्याच्या चार-पाच दिवस आधी मी आजोळी होतो. रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर तिथल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं उघडली आणि मामाला म्हटलं बघ. तो नको म्हणाला, सगळे सारखेच. मी वाचत बसलो. नोटरीच्या शिक्क्यांची पानं, स्कॅन वाकडंतिकडं, मी मोठ्याने गट नंबर वाचायला लागलो तसा मामा उठला, चष्मा लावला आणि म्हणाला, परत वाच तो गट. तीस वर्षं त्या भागात बैल विकत हिंडलेला माणूस, त्याला प्रत्येक शिवार पाठ. म्हणाला ही तर अमक्याची जमीन होती, ह्या भावात कशी गेली? मग त्याने स्वतःच मोबाईल हातात घेतला. अकरा वाजेपर्यंत आम्ही तिघांचे कागद वाचले. एकाच्या नावावर तीन केसेस होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उमेदवाराचा कार्यकर्ता नावांच्या स्लिपा वाटत आला. ओळखीतलाच पोरगा. मामाने त्याला खाली बसवलं, मामीला चहा टाकायला सांगितला, आणि विचारलं की त्या तीन केसेस कशाच्या आहेत. पोरगा गडबडला. एक रास्ता रोकोची आहे आबा, म्हणाला, दुधाच्या आंदोलनातली, बाकीच्या दोन विचारून सांगतो. बाहेर जाऊन फोन केला. संध्याकाळी परत आला, दुसऱ्या केसचं सांगितलं, भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणाची. तिसरीचं काही बोलला नाही. मामाने पण परत विचारलं नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिला.

मतदान कुणाला केलं ते मामाने मला अजून सांगितलेलं नाही.